प्रभाताई अत्रेंच्या बंदिशी आणि "आपण बंदिश बांधायची नसते" : जाणकारांनी सांगा

मुलुंडची_स्वाती

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी बेचाळीस वर्षांची, फोर्टला बँकेत नोकरी, राहायला मुलुंडला. कॉलेजात असताना गांधर्वची मध्यमा पूर्ण ही गाण्याची परीक्षा दिली होती, मग नोकरी, लग्न, मुलगा, सासूबाईंचं आजारपण, आणि पेटी जी माळ्यावर गेली ती पंधरा-सोळा वर्षं तिथेच. दोन वर्षांपूर्वी ती खाली काढली, भाता फाटला होता तो बदलून घेतला आणि जवळच्याच एका क्लासला शनिवार-रविवार जायला लागले.

या वर्षी मारू बिहाग राग सुरू झाला. "जागू मैं सारी रैना" ही बंदिश, म्हणजे रागात आणि तालात बांधलेलं छोटं गीत. शिकवताना बाई सहज म्हणाल्या की ही गायिका प्रभा अत्रेंची. मला वाटलं त्यांनी गाऊन प्रसिद्ध केलेली, तर म्हणाल्या नाही, त्यांनीच बांधलेली, शब्द पण त्यांचे आणि चाल पण त्यांची. खरं सांगते, मला हे माहीतच नव्हतं. माझ्या डोक्यात बंदिश म्हणजे दोन-तीनशे वर्षं जुनी, कुठल्या तरी उस्तादांनी दरबारात रचलेली. पुण्यात वाढलेली, सायन्स शिकलेली एक मराठी बाई आपल्या हयातीत बंदिश बांधते आणि ती मुलुंडच्या एका क्लासमध्ये बारा बायका बसून गातात, हे ऐकून मला आतून काहीतरी झालं.

त्याच भरात मी जूनमध्ये दुर्गा रागात चार ओळी बांधल्या. गाडीतच, घाटकोपर ते मुलुंड, मनात. धीर करून बाईंना दाखवल्या. त्या चिडल्या नाहीत, चांगल्याच आहेत स्वभावाने, पण म्हणाल्या, "आपण बंदिश बांधायची नसते, आपण गायची असते. आधी घराण्याचं आहे ते नीट गळ्यात येऊ दे." विषय संपला. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाहीये, माझा गळा अजून कच्चाच आहे. पण दोन महिने झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

म्हणून विचारायचंय की प्रभाताईंनी हे सुरू कसं केलं? त्यांना कुणी अडवलं नाही का, "तू कोण बांधणारी" असं कुणी म्हटलं नाही का? त्यांचं शिक्षण, नोकरी, शिकवणं याबद्दल जे माहीत असेल ते लिहा. आणि ऐकायला, वाचायला कुठून सुरुवात करू?

---

गिरगावचा_श्रोता

स्वातीताई, धागा काढलात हे फार छान केलंत. मी गाणारा नाही, कानसेन आहे, आणि पंचाहत्तरीला आलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

प्रभाताई १३ सप्टेंबर १९३२ च्या, पुण्याच्या. आई-वडील दोघंही शिक्षण क्षेत्रातले. घरात गाण्याची परंपरा वगैरे काही नव्हती हो. गाणं आलं ते आईच्या आजारपणामुळे. इंदिराबाईंना बरं वाटत नव्हतं, कुणीतरी सुचवलं की गाणं शिका म्हणजे मन रमेल, म्हणून घरी शिकवणी लागली. आईचं शिकणं काही फार पुढे गेलं नाही, पण बाजूला बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीने ते उचललं. तुमच्या घरी पण तुम्ही रियाझ करताना मुलगा शेजारी अभ्यासाला बसत असेल, त्याच्या कानावर काय जातंय हे आत्ता कळत नाही, पुढे कळतं.

मग गुरू मिळाले सुरेशबाबू माने, म्हणजे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे चिरंजीव, आणि त्यांच्या भगिनी हिराबाई बडोदेकर. सुरेशबाबू १९५३ च्या फेब्रुवारीत गेले. जरा हिशेब करा, प्रभाताई तेव्हा वीस वर्षांच्या. म्हणजे ज्या वयात शिष्य नुसता तयार व्हायला लागतो त्या वयात गुरूच गेला. पुढे हिराबाईंचा आधार होता, त्यांच्या मागे बसून गाणं, त्यांचं बघून शिकणं. आणि हिराबाई कोण, तर तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. माझ्या वडिलांनी मला लहानपणी गिरगावात त्यांचं गाणं ऐकायला नेलं होतं, अंगभर पदर, शांत बसलेल्या, आणि आवाज असा की समोरच्या माणसाला पानाचा डबा उघडायचा पण संकोच वाटावा. त्यांच्या पिढीने बाईला मंचावर ताठ बसायचा मान मिळवून दिला. मला नेहमी वाटतं, पुढची पायरी प्रभाताईंची, की मंचावर बसून गायचं तर आहेच, पण गायचं काय हे पण मीच ठरवणार.

शिक्षण म्हणाल तर फर्ग्युसनमधून बीएससी, मग पुण्यात कायद्याची पदवी, आणि नंतर संगीतात डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय सरगम, म्हणजे सा रे ग म अशी स्वरांची नावं घेत गाणं. मधल्या काळात संगीत नाटकांत कामं केली, संशयकल्लोळ, मानापमान, सौभद्र, विद्याहरण. आकाशवाणीवर असिस्टंट प्रोड्यूसर होत्या. आणि मग आपल्या मुंबईत एसएनडीटीमध्ये १९७९ ते १९९२ प्राध्यापक आणि संगीत विभागाच्या प्रमुख. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेलं हे बायकांचं विद्यापीठ, तिथे तेरा वर्षं त्यांनी मुलींना गाणं शिकवलं, ही गोष्ट मुंबईकरांनी विसरू नये असं मला फार वाटतं. पुण्याने त्यांच्यावर हक्क सांगावा, जरूर सांगावा, पण ती तेरा वर्षं आपली.

पद्मश्री १९९०, संगीत नाटक अकादमी १९९१, पद्मभूषण २००२, पद्मविभूषण २०२२. शेवटपर्यंत गात होत्या. सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता कितीतरी वर्षं त्यांच्याच गाण्याने व्हायची. १३ जानेवारी २०२४ ला पुण्यात गेल्या, एक्क्याण्णव वर्षं पूर्ण झाली होती. त्या दिवशी सकाळी बातमी आल्यावर मी दुसरं काही केलं नाही, आधी मारू बिहाग लावला, मग कलावती राग, मग मिश्र खमाजातली ठुमरी "कौन गली गयो श्याम". ही ठुमरी पारंपरिक आहे, पण आमच्या पिढीला ती म्हटली की त्यांचाच आवाज आठवतो. तुम्ही याच क्रमाने ऐका. आणि कामं करता करता नका ऐकू, एकदा तरी नुसतं बसून ऐका.

---

विनया_पार्ले

काकांनी इतकं सुंदर लिहिलंय, चरित्रात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी गेली बावीस वर्षं पार्ल्यात गाणं शिकवते, त्यामुळे मी फक्त बंदिशीबद्दल बोलते.

स्वाती, आधी एक लक्षात घे (तुला अगं म्हणते, चालेल ना?). प्रभाताई ज्या घराण्यातल्या त्या किराण्यात बंदिशीला तसा दुय्यम मान. तिथे महत्त्व स्वराला. एकेक स्वर सावकाश उलगडत जायचं, शब्द ऐकू आले नाहीत तरी चालेल, अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, गाळला तरी कुणी काही म्हणत नाही. बंदिशीचा साठा, तिची बांधणी, तिचा डौल हे आग्रा, ग्वाल्हेर घराण्यांचं वैभव. अशा घराण्यातल्या बाईने पाचशेच्या वर बंदिशी बांधल्या, त्यांची पुस्तकं काढली नोटेशनसकट, स्वरांगिणी, स्वररंजनी, स्वररंगी. हे किती उलट्या दिशेने पोहणं आहे बघ. आणि ते का, याचं उत्तर माझ्या मते त्यांच्या शिकवण्यात आहे. रोज वर्गात मुली समोर बसल्या की कळतं की आपण ज्या जुन्या बंदिशी देतोय त्यातल्या निम्म्यांचे शब्द झिजलेत, अर्थ लागत नाही, आणि जिथे लागतो तिथे सास ननदिया आणि सवतन. एकवीस वर्षांची मुलगी विचारतेच, बाई हे मी का गाऊ. मला पण विचारतात. मग एक तर मुलीला गप्प बसवायचं, नाहीतर नवं बांधायचं.

अजून एक गंमत लक्षात आणून देते. ख्यालाच्या, म्हणजे राग विस्ताराने गातात त्या गाण्याच्या, बंदिशीत बोलते कोण? बहुतेक वेळा बाई. जागते ती, वाट बघते ती, रुसते ती. आणि बांधणारे कोण? मुद्रा, म्हणजे बांधणाऱ्याने बंदिशीत घातलेलं टोपणनाव, बघ, सदारंग, अदारंग, प्रेमपिया म्हणजे फैयाज खाँ, प्राणपिया म्हणजे विलायत हुसेन खाँ, गुनीदास म्हणजे आपले जगन्नाथबुवा पुरोहित. सगळे पुरुष. थोर आहेत, त्यांच्या बंदिशी मी रोज गाते, शिकवते, माझी भाकरी आहे ती. पण बाईच्या तोंडचं बोलणं बाईनेच बांधलेलं फार कमी आढळतं. म्हणून "जागू मैं" मधला तो "मैं" मला वेगळा लागतो.

आता त्या बंदिशीकडे जवळून बघ. जा, गू, मैं, सा, री, रै, ना. सातही अक्षरं दीर्घ. एक सुद्धा ऱ्हस्व नाही. म्हणजे गाणाऱ्याला प्रत्येक अक्षरावर स्वर धरायला जागा आहे, कुठेही जीभ आपटत नाही, जोडाक्षर नाही. रात्र लांबते ती शब्दातच लांबते. मारू बिहागात दोन्ही मध्यम, आरोहात रिषभ धैवत गाळून तीव्र मध्यमावरून पंचमाकडे जायचं, ती ओढ त्या दीर्घ अक्षरांवर काय बसते! आणि याच्या शेजारी कलावतीतली त्यांचीच "तन मन धन" ठेव. त, न, म, न, ध, न. सहाच्या सहा ऱ्हस्व, आणि प्रत्येक शब्द न वर मिटतो. कलावतीत रिषभ मध्यम नाहीत, पाचच स्वर, मध्ये मोकळ्या उड्या, तिथे ही टपटप पडणारी अक्षरं. एकाच बाईने बांधलेल्या दोन बंदिशी, दोन रागांचे दोन स्वभाव ओळखून अक्षरं निवडलेली. हे योगायोगाने होत नाही, हे कारागिरीचं काम आहे. मी मुलींना या दोन बंदिशी एकामागोमाग म्हणायला लावते, अर्थ नाही सांगत, फक्त ओठ आणि जीभ काय करतायत त्याकडे लक्ष द्या म्हणते. पाच मिनिटांत त्यांचं त्यांना कळतं.

तुझ्या दुर्गाच्या ओळी लिही ना इथे.

---

ठाण्याचा_मिलिंद

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. प्रभाताईंबद्दल आदर आहेच. पण दोन गोष्टी.

एक म्हणजे सरगम. ख्यालात इतकी सरगम मला तरी रुचत नाही. आलाप आणि बोल यातून रागाचं जे वातावरण तयार होतं ते सा रे ग म उच्चारल्यावर एकदम वर्गात बसल्यासारखं होतं. माझे गुरुजी म्हणायचे सरगम ही रियाझाच्या खोलीत ठेवायची गोष्ट आहे.

दुसरं, स्वातीताईंच्या बाई काही फार चुकीचं बोलल्या नाहीत. परंपरेतल्या शेकडो बंदिशी अशाच पडून आहेत, गाणारं कुणी नाही, त्या मरतायत. एक जुनी बंदिश नीट गळ्यावर चढवायला वर्ष जातं. आणि इकडे जो तो नवीन बांधतोय, यूट्यूबवर टाकतोय, त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे रागाच्या आरोह-अवरोहावर शब्द चिकटवलेले असतात. नवीन बांधायला आधी पुरतं पचलेलं असावं लागतं. प्रभाताईंकडे ते होतं. प्रत्येकाकडे असेल असं नाही.

---

गिरगावचा_श्रोता

मिलिंदराव, राग कसला, तुमची तळमळ कळते. जुन्या बंदिशी मरतायत हे शंभर टक्के खरं.

सरगमबद्दल मात्र थोडं सांगतो. ती काही प्रभाताईंनी बाहेरून आणलेली नाही, ती त्यांच्या घरातलीच. अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्नाटक संगीत ऐकलं, त्याचा आदर केला आणि तिथली सरगम आपल्या गाण्यात घेतली. पुढे अमीर खाँसाहेबांनी तिला वेगळाच भारदस्तपणा दिला, आणि त्यांच्या गाण्याचा प्रभाताईंवर मोठा परिणाम होता. तेव्हाही टीका व्हायची, परीक्षकांनी, जाणत्यांनी नाकं मुरडली. आता ही बाई काय करते, तर भांडत बसत नाही, गाणं बदलत नाही, सरळ त्याच विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेते. मला हे फार भावतं. "मला आवडतं म्हणून गाते" एवढं म्हणून सोडून नाही दिलं, का गाते याचा अभ्यास करून मांडला. वकिलीची पदवी वाया गेली नाही म्हणायची.

आणि त्यांचं हे सगळीकडेच होतं. रागाची वेळ घ्या. सकाळचा राग सकाळीच, रात्रीचा रात्रीच, हा नियम आपण डोळे मिटून पाळतो. त्यांनी त्यावर पण प्रश्न विचारले, की रागाच्या स्वरांत असं काय आहे जे घड्याळाला बांधलेलं आहे, की हा नुसता सवयीचा संस्कार? स्वतः गाणारी, परंपरेत मुरलेली बाई हे विचारते तेव्हा त्याला वजन येतं. त्यांचं स्वरमयी वाचा, सुस्वराली वाचा. मराठीत आहेत, सोपी भाषा आहे, कुठेही पांडित्याचा आव नाही. स्वातीताई, तुम्हाला फोर्टहून दादर वाटेवरच आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात एकदा चौकशी करा.

---

मुलुंडची_स्वाती

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, मी कालपासून चार वेळा वाचलं. ऑफिसात लंच टाइममध्ये "जागू मैं सारी रैना" हळू आवाजात म्हणून बघितलं, फक्त ओठांकडे लक्ष देऊन. विनयाताई, खरंच जीभ कुठे अडत नाही हो. मी तीन महिने ही बंदिश गातेय आणि हे मला दिसलं नव्हतं.

मिलिंदजी, तुमचं पण पटतं. माझं काहीच पचलेलं नाहीये, मला माहितेय. पण न बांधता कसं कळणार की काय पचलंय आणि काय नाही, असं पण वाटतं.

विनयाताई, धीर करून लिहितेय. दुर्गा, तीनताल, मध्य लय. स्थायीची, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाची, पहिली ओळ अशी :

"सावन की प्रतीक्षा में नैन थके"

यंदा जूनमध्ये पाऊस लांबला होता ना, रोज ऑफिसातून निघताना आकाशाकडे बघायचे, त्यावरून सुचलं. दुर्गा यासाठी की तो मला सगळ्यात जास्त येतो. गाताना "प्रतीक्षा" पाशी काहीतरी खटकतं पण काय ते कळत नाही.

---

विनया_पार्ले

तुला खटकतंय हीच मोठी गोष्ट आहे ग. कान बरोबर आहे.

"प्रतीक्षा" हा पुस्तकातला शब्द आहे. सुरुवातीला प्र, शेवटी क्ष, दोन्ही जोडाक्षरं, गाताना गळा दोनदा दाराला आपटतो. "क्ष" वर ठहराव घेऊन बघ, घेता येणार नाही, कारण आधी "क्" मिटतो मग "षा" उघडतो. ब्रजमध्ये, म्हणजे आपल्या बंदिशींच्या भाषेत, यासाठी साधा शब्द आहे, बाट. वाट बघणे म्हणजे बाट तकना. जुन्या बंदिशींतून तू हा शब्द शंभर वेळा म्हटला असशील. मिलिंद म्हणतात त्यात तथ्य आहे ते इथे, जुन्या बंदिशी भरपूर गळ्यात असल्या की असे शब्द आपोआप हाताशी येतात, शोधावे लागत नाहीत.

तुझाच अर्थ ठेवून असं बघ :

"बाट तकत हारे नैना"

"खाली"पासून उचल, म्हणजे तीनतालात टाळी नसते त्या नवव्या मात्रेवरून. नऊ दहा "बाऽ", अकरा "ट", बारा "त", तेरा "क", चौदा "त", पंधरा "हा", सोळा "रे", आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, "नै". मग "नाऽ" तिसऱ्या मात्रेवर. बघ, सम कुठे आली? डोळ्यांवर. तुला सांगायचं काय होतं, तर डोळे थकले. तोच शब्द समेवर आला, आणि तो दीर्घ आहे म्हणून तिथे क्षणभर विसावता येतं. तुझ्या मूळ ओळीत मी मोजलं तर सम "में" वर पडत होती. "में" ला काय अर्थ आहे? काही नाही. बंदिश बिघडते ती अशा ठिकाणी.

आणि "तकत" मधली तीन ऱ्हस्व अक्षरं मुद्दाम राहू दे. आधी बा मोठा, मग ट-त-क-त अशी चार पावलं पटपट, मग हारे नैना परत सावकाश. धावत जाऊन बघितलं, कुणी आलं नाही, आणि बसलो, असं होतं ना ते.

दुर्गात गंधार निषाद नाहीत, त्यामुळे "हारे" ला धैवतावरून मध्यमाकडे येशील तेव्हा घाई करू नकोस, तिथेच दुर्गा आहे. चालीबद्दल बाकी काही सांगत नाही, ती तुझी तू कर.

तुझ्या बाईंबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांना त्यांच्या गुरूने हेच सांगितलं असणार. मी सुद्धा दहा वर्षांपूर्वी एका मुलीला हेच वाक्य ऐकवलंय, आज त्याचं मला फार वाईट वाटतं. ती मुलगी आता गात नाही.

---

एसएनडीटी_एमए

मी पण इथे थोडं लिहू का? मी संगीतात एमए करतेय, म्हणून या धाग्याने फारच बरं वाटलं.

स्वातीताई, प्रभाताईंच्या जोडीला आपल्या मुंबईतल्या इतर जणींचं पण ऐका. किशोरीताई आमोणकर पण १९३२ च्याच, एप्रिलच्या, म्हणजे दोघी पाच महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या. त्यांनी पण स्वतःच्या बंदिशी बांधल्या आणि शिष्यांना दिल्या. त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर, गोव्याच्या कुर्डी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या, मुंबईत राहून गाणं शिकवलं. आणि अश्विनीताई भिडे-देशपांडे, ज्यांनी बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट केलीय, त्यांच्या बंदिशींचं रागरचनांजली नावाचं पुस्तक आहे, सोबत रेकॉर्डिंग पण मिळतं, म्हणजे नोटेशन वाचून बंदिश कशी वाजते ते लगेच ऐकता येतं. सायन्स शिकलेल्या बायका बंदिशी का बांधतात यावर मी एकदा खूप विचार केला होता, उत्तर मिळालं नाही, पण मला वाटतं "असंच का?" हे विचारायची सवय लागलेली असते.

प्रभाताईंबद्दल अजून एक, त्यांनी नवीन राग पण बांधलेत, अपूर्व कल्याण, मधुरकंस, तिलंग भैरव, पटदीप मल्हार. पुण्यात स्वरमयी गुरुकुल काढलं. परदेशात जाऊन शिकवलं, रॉटरडॅम, कॅलगरी वगैरे. आणि २०१६ साली त्यांची अकरा पुस्तकं एकाच मंचावरून एकाच वेळी प्रकाशित झाली, तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. मराठी कवितांचं पण एक पुस्तक आहे, अंतःस्वर. मला वाटतं बंदिशीतल्या त्या शब्दांच्या निवडीचं मूळ तिथे आहे, त्या नुसत्या गायिका नव्हत्या, कवी पण होत्या.

मी त्यांना प्रत्यक्ष एकदाच ऐकलं, अगदी शेवटच्या काळात. शेवटच्या रांगेत जागा मिळाली होती. आवाज थकला होता, खोटं कशाला बोलू. पण षड्ज लावला आणि तंबोऱ्यात तो कुठे मिसळला ते कळलंच नाही, दोन क्षण मला वाटलं अजून सुरूच केलं नाहीये. शेजारच्या आजींनी माझा हात धरला होता, त्या मला ओळखत पण नव्हत्या.

---

ठाण्याचा_मिलिंद

विनयाताई, तुमची समेची फोड वाचली आणि आमच्या पेटीवर वाजवून बघितली. "नै" वर सम येते तेव्हा खरंच छान वाटतं. स्वातीताई, माझं आधीचं लिहिणं तुम्हाला नाउमेद करायला नव्हतं. एक करा, दुर्गातल्या चार-पाच जुन्या बंदिशी शिकून घ्या आणि सोबत ही पण गात राहा. दोन्ही एकमेकींना शिकवतील. हवं असेल तर आमच्या गुरुजींकडच्या दुर्गाच्या दोन बंदिशी नोटेशन करून इथे टाकतो, त्या मी कुठे रेकॉर्डवर ऐकलेल्या नाहीत.

सरगमबद्दल माझं मत तेच आहे, पण कलावती आज परत लावणार आहे.

---

मुलुंडची_स्वाती

मिलिंदजी, टाका ना, नक्की टाका, मी वाट बघते.

काल रात्री जेवणं झाल्यावर पेटी काढली. "बाट तकत हारे नैना" पंचवीस-तीस वेळा तरी म्हटलं असेल. आधी सम चुकत होती, पंधराव्या मात्रेवर "हा" यायच्या आधीच मी घाई करत होते, मग मोबाइलवर तबला लावला, लय कमी केली, आणि साधारण अर्ध्या तासाने "नै" अशी बरोब्बर समेवर पडली ना, की आतल्या खोलीतून सासूबाईंनी हूं म्हटलं. त्या दोन वर्षं अंथरुणावर आहेत, फारशा बोलत नाहीत. त्यांच्या माहेरी भजनं असायची, त्यांना सम कळते. मी परत म्हटलं, परत हूं. मुलगा हातातलं पुस्तक ठेवून आजीजवळ जाऊन बसला आणि दोघं समेची वाट बघायला लागले.

काका, ग्रंथसंग्रहालयात या शनिवारी जाणार आहे, क्लास सुटल्यावर. बाईंना पण सांगणार आहे स्वरमयीबद्दल, त्यांना आवडेल असं वाटतं.

स्थायीची दुसरी ओळ जमल्यासारखी वाटतेय, "अजहूँ न आए कारे बादरा". पण अंतरा अडलाय. वर तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, जायचं आहे आणि तिथे पहिला शब्द "पिया" टाकू की "मेघा"? पिया म्हटलं की लगेच बंदिशीसारखं वाटतं, पण माझ्या ओळींत पिया कुठेच नाहीये, मी खरंच पावसाचीच वाट बघत होते.

---

विनया_पार्ले

मेघा. तू पावसाची वाट बघत होतीस तर पावसालाच हाक मार. आणि "पिया" मधला पि ऱ्हस्व आहे, तार षड्जावर पोचलीस की तिथे पाय टेकायला जागा मिळणार नाही. "मे" दीर्घ आहे, "घा" पण दीर्घ आणि आ-कार उघडा. पंचम, धैवत घेऊन वर जा आणि "मे" वर थांब, श्वास पुरेल तेवढं थांब, मग "घा". दुसऱ्या ओळीत "बादरा" ऐवजी "बदरा" म्हणून पण बघ, मात्रा मोजून ठरव. झालं की लिही, मी रविवारी मुलींना म्हणायला देते.